चांगल्या हातातलं काम

“जो चांगलं करतो, त्याच्याच हातातलं काम काढून घ्यायचं, हा कुठला न्याय, बाबा?”

चटईवर एक मुंगी चालली होती. बाबांनी तिला वाट करून दिली, आणि मग म्हणाले,

“आधी बूड टेक की.”

आदगोंडा मगदूम बसला. बसला म्हणजे चटईच्या कडेला नुसता टेकला. पायातले बूट काढून हातात घेतले होते, ते खाली ठेवायचं भान नव्हतं.

आता हा आदगोंडा कोण, ते आधी सांगायला हवं.

कोल्हापूरच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत त्याची फौंड्री. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि त्यातून पंपाची बॉडी काढायची, हे तिथलं काम. वडिलांनी सुरू केलं, आदगोंडानं वाढवलं. त्या बॉड्या बोटीनं जर्मनीला जात. लग्नाकार्यात चार माणसं भेटली की आदगोंडा ऐटीत सांगायचा, तिकडं कुणी नळ सोडला की आमच्या लोखंडातनं पाणी येतंय. ऐकणाऱ्यानं एकदा मान डोलवली तर ठीक, नाही डोलवली तर पुन्हा सांगायचा.

पण काम खरंच चोख. ओतीव लोखंडावरनं हात फिरवावा, तर नुकतीच दाढी केलेल्या गालासारखं लागावं.

आणि ज्यांच्यापुढं तो बसला होता, ते घोंगडीबाबा. वसाहतीच्या वर जी टेकडी आहे, तिच्यावरच्या तकियात, म्हणजे छोट्या मठीत, राहणारे म्हातारे फकीर. खरं नाव काय, ते त्यांनाच आठवायला वेळ लागायचा. दर गुरुवारी तकियात भाकरी आणि आमटी होई. खालच्या कारखान्यांतले कामगार, ट्रकवाले, वाटेवरचा कुणीही वर यायचा, जेवायचा, बाबांशी दोन शब्द बोलायचा आणि उतरून जायचा.

आदगोंडाही यायचा अधूनमधून. पण असा तावातावानं कधी आला नव्हता.

“कुणी काढून घेतलं तुझं काम?” बाबांनी विचारलं.

मग आदगोंडानं सगळं सांगितलं. भराभर सांगितलं, मधे श्वासही घेतला नाही.

जर्मन कंपनीचे केसलरसाहेब काल आले होते. कारखाना बघितला, चहा घेतला, आणि म्हणाले, मगदूम, पंपाची बॉडी आता आम्ही व्हिएतनामच्या एका नव्या कारखान्याला देणार. तुमच्याकडचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे लाकडी ठसे, त्यांना द्या, थोडे दिवस तुमची माणसं पाठवून शिकवा. त्याबदली तुम्ही कॉम्प्रेसरची बॉडी घ्या. ती भलती अवघड. भिंत पातळ, आत आतड्यासारखी वळणं. आमच्या माहितीत ती नीट उतरवेल असा कारखाना एकच, तो तुमचा.

आज संध्याकाळी साहेबांचं विमान. त्याआधी त्यांना उत्तर हवं होतं.

“मी विचारलं, ते व्हिएतनामवाले आमच्यापेक्षा चांगलं करतात का,” आदगोंडा म्हणाला. “तर म्हणाले, नाही. तुमचं कितीतरी चांगलं आहे.”

“मग?”

“मग काय... तिथंच तर डोकं फिरलं माझं.”

बाबा हसले. आदगोंडाला ते आवडलं नाही.

त्यानं पुढं सांगितलं. तो साहेबांना म्हणाला होता, दोन्ही कामं मीच चांगली करतो, तर दोन्ही मलाच द्या. साहेबांनी शांतपणे विचारलं, भट्ट्या किती आहेत तुमच्याकडं? साचे करणारे कसलेले मोल्डर किती? पंपाच्या बॉड्यांनाच सगळे पुरत नाहीत, मग कॉम्प्रेसर कुठं बसवणार? त्यावर आदगोंडा उठून बाहेरच गेला होता. पाहुण्याला खोलीत बसवून. असं त्यानं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

आता त्याच्या मनात वेगळंच होतं. भाव पाडायचा. असा पाडायचा, की व्हिएतनामवाल्याला परवडूच नये. सगळ्या भट्ट्या, सगळी माणसं पंपाच्या बॉड्यांवरच लावायची आणि ते काम दातात धरून ठेवायचं.

आणि कॉम्प्रेसर?

तो जाऊ दे कोरियाला नाहीतर कुठंही.

घरातही याच्यावरनं वाजलं होतं. त्याची लेक पद्मजा पुण्याला धातूंचं शिकून आली होती, आता कारखान्यातलं नमुन्याचं काम तीच बघायची. कंपनीनं आधी चाचणीला म्हणून धाडलेल्या कॉम्प्रेसरच्या बॉडीचे तिनं काढलेले पहिले नमुने फुटले, पण शेवटचा असा उतरला की केसलरसाहेब तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघत राहिले. ती म्हणत होती, अप्पा, हे घेऊ या. तो म्हणत होता, तुझ्या आजोबांचं काम दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकू काय? सकाळपासून दोघांत बोलणं बंद होतं. चहासुद्धा दोन वेगवेगळ्या टेबलांवर झाला होता.

खाली कारखान्यात माणसं विचारत होती, मालक, दिवाळीनंतर भट्टी पेटणार न्हवं? भाव पाडून ती किती दिवस पेटती ठेवता येईल, ते आदगोंडालाही ठाऊक नव्हतं. ते त्यानं बाबांना सांगितलं नाही. पण बूट अजून त्याच्या हातातच होते.

बाबांनी ते काढून घेतले आणि शेजारी ठेवले.

“हे पंपाचं काम तुमच्याआधी कोण करत होतं रे?”

“आधी? जर्मनीतच व्हायचं की. केसलरसाहेबांच्याच गावात. तिथली फौंड्री ही एवढी मोठी होती.”

“आणि चांगलं करायचे?”

“बाबा, लोण्यासारखं. खोटं कशाला बोलू.”

“मग दिलं कशाला?”

आदगोंडाला आठवलं आणि तो थोडा सैल झाला. तिथनं ऑटो नावाचा म्हातारा मिस्त्री आला होता, लाकडी पेट्यांतून पॅटर्न घेऊन. आदगोंडा तेव्हा कॉलेज सोडून नुकताच वडिलांच्या हाताखाली आलेला. ऑटोला मराठी येईना, ह्यांना जर्मन येईना. तो वाळू मुठीत दाबून दाखवायचा, मूठ उघडायचा, ढेकूळ फुटलं की मान हलवायचा, नाही फुटलं की टाळी द्यायचा. एकदा ठेचा भाजी समजून चमचाभर खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी गाळत वडिलांच्या गळ्यात पडला.

“तुमची पहिली बॉडी कशी झाली होती?”

“फणसासारखी,” आदगोंडा म्हणाला आणि हसला. “वडिलांनी लाजून पोत्याखाली झाकून ठेवली होती. ऑटोनं पोतं काढलं, बघितली, आणि इतका हसला... म्हणाला, आमची पहिली याहून वाईट होती.”

“त्यांची पहिली?”

“हो, म्हणजे त्यांनी इंग्रजांकडून घेतलेली. आधी सगळं इंग्लंडात व्हायचं ना, बाबा. सूतकताईची यंत्रं म्हणू नका, पंप म्हणू नका. मग जर्मनी शिकलं, अमेरिका शिकली. मग जपान. टीव्ही, कॅमेरे, मोटारी... मग जपानकडनं कोरियाकडं सरकलं. ज्याच्याकडनं गेलं तो पुढचं काहीतरी धरतो. ऑटोच्या गावात आता फौंड्री नाही. लोखंडाच्या पोटात चीर आहे का, ते बाहेरनं दाखवणारी यंत्रं करतात तिथं. आमच्या कारखान्यात एक आहे. भारी यंत्र.”

“चांगलं चाललंय मग त्या गावाचं.”

“झकास चाललंय.”

बाबांनी मान डोलवली.

आदगोंडानंही डोलवली. मग म्हणाला, “पण आमची गोष्ट वेगळी आहे.”

“हं.”

“म्हणजे त्यांचं ठीक होतं. आमचं काम अजून उत्तम आहे. उत्तम चाललेलं काम कोण सोडतो?”

“हं.”

“नुसतं हं काय करताय, बाबा? आता संध्याकाळी त्या साहेबांना मी काय...”

आणि इथं आदगोंडाचं वाक्य तुटलं.

झालं असं, की तकियाच्या ओसरीवर चूल होती आणि तिच्यापुढं गैबी भाकऱ्या करत बसला होता. गैबी हा बाबांचा चेला. पूर्वी ट्रक चालवायचा, एकदा जेवायला म्हणून वर आला तो राहिलाच. मनानं सोन्यासारखा, पण हाताला भाकरीचं वळण नाही. पीठ थापायला घेतलं की एक कड पुढं पळायची, एक मागं राहायची. तव्यावर टाकली की मधोमध चीर. आदगोंडाची नजर तिथं गेली ती तिथंच अडकली.

“अरे गैबी,” तो बसल्या जागेवरनं म्हणाला, “ही भाकरी आहे का जपानचा नकाशा?”

“काल इंग्लंड झालं होतं,” गैबी म्हणाला. “हळूहळू सगळे देश होतील बघा, अण्णा.”

“पाणी गार घेतलंयस. पिठात कढत पाणी घालायचं असतं.”

“व्हय?”

“आणि तवा तापला नाही. रंग बघ की त्याचा.”

गैबीनं तव्याकडं बघितलं. त्याला तव्यात काही दिसलं नाही.

आदगोंडाला बसवेना. जन्मभर विस्तव ओळखण्यात गेलेला माणूस तो. लग्नाआधी कारखान्याच्या खोलीवर मोल्डर पोरांबरोबर राहायचा, तेव्हा सगळ्यांच्या भाकऱ्या तोच करायचा. असा चुकीच्या आचेवर चाललेला खेळ त्याला बघवत नव्हता. तो उठला, बाह्या सारल्या आणि ओसरीवर गेला.

“सरक बाजूला. दाखवतो तुला.”

गैबी उठला, पण परात लगेच सोडली नाही. म्हणाला, “अण्णा, इथली रीत माहीत आहे न्हवं? जो तव्यापुढं बसला त्यानं शेवटचा माणूस जेवेपर्यंत उठायचं नाही.”

“अरे, उठतंय कोण?”

“बघा बरं का. तुमची कामं असतील.”

“भाकरी करायला काय दिवस लागतोय होय रे? सरक.”

गैबी सरकला. बाबांनी इकडं बघितलं, पण अडवलं नाही.

आणि खरं सांगायचं तर आदगोंडाच्या भाकऱ्या बघण्यासारख्या झाल्या. कढत पाण्यात मळलेलं पीठ, तळव्याखाली गरगर फिरणारी भाकरी, कड अशी गोल की परकारानं आखावी. तव्यावर टाकायची, वर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यावर उभी करायची. टम्म फुगायची. पापुद्रा सुटायचा, वाफ निघायची. पहिल्या पंगतीतल्या एका ट्रकवाल्यानं भाकरी मोडली, तोंडात घातली, आणि जेवायचं थांबून विचारलं, कुणी केली म्हणून.

“मालकांनी,” कुणीतरी म्हणालं.

“कुठल्या मालकांनी?”

“फौंड्रीच्या.”

तो ट्रकवाला उठून चुलीपाशी आला, आदगोंडाला बघून गेला, आणि जाताना आणखी दोन भाकऱ्या घेऊन गेला.

मग काय विचारता. खाली वसाहतीत बातमी गेली. गुरुवारी एरवी येणारे आलेच, न येणारेही आले. शेजारच्या कारखान्यातला वॉचमन आला, तो तर कधी टेकडी चढला नव्हता. आदगोंडा घामानं निथळत होता, मिशीला पीठ लागलं होतं, आणि चेहरा असा फुलला होता की त्याच्या भाकरीलाही तसं फुगता आलं नसतं.

मधे खिशातला फोन वाजला. हात पिठात. वाजून वाजून बंद झाला.

पुन्हा वाजला.

शेजारी बसलेला एक जण म्हणाला, काढून देऊ का? आदगोंडानं नको म्हणून मान हलवली. तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली होती. नजर हलली असती तर करपली असती.

पद्मजाच असणार, हे त्याला ठाऊक होतं.

आता गैबीचं काय झालं, ते बघू. तवा गेला म्हणजे त्याला कामच उरलं नाही. थोडा वेळ तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग पाणी वाढलं. मग तेही दुसऱ्या कुणी हातात घेतलं. मग इकडंतिकडं बघितलं, हात पुसले, आणि बाबांच्या समोर चटईवर, आदगोंडा जिथं बसला होता तिथं, जाऊन बसला.

आदगोंडानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. गैबी बाबांना काहीतरी विचारत होता. बाबा ऐकत होते. मग बाबांनी हात उचलला आणि बोट केलं, थेट आदगोंडाकडं. गैबी मान वळवून बघत राहिला.

आपल्याच भाकऱ्यांचं कौतुक चाललंय, असं आदगोंडाला वाटलं. पुढची भाकरी त्यानं आणखी पातळ थापली.

ऊन कललं. शेवटचा माणूस आमटीची वाटी पुसून उठला. आदगोंडानं तवा उतरवला, कंबर धरून उभा राहिला, आणि तसाच पिठाच्या हातांनी बाबांपुढं आला. गैबी उठायला लागला, तर बाबांनी त्याला हातानंच बसवलं. आदगोंडा मग समोर उभाच राहिला.

“बघितलंत काय, बाबा?”

“बघितलं. खाल्ली पण. अशी भाकरी ह्या टेकडीवर झाली नव्हती.”

“बघा.” आदगोंडा हसला. मग सूर्याकडं बघितलं आणि त्याचं हसू उतरलं. “बाबा, माझं विचारायचं राहिलंच की. साहेबांचं विमान... त्यांना काय सांगू, ते विचारायचं होतं.”

“राहिलं कुठं? विचारून झालं.”

“कधी?”

“तू निम्मं विचारून उठलास. उरलेलं ह्यानं विचारलं.”

आदगोंडानं गैबीकडं बघितलं. गैबी ओशाळला.

“रागावू नका, अण्णा. तुम्ही अर्ध्यात उठलात. मला वाटलं, बाबा तसेच बसलेत तयारीत... जागा रिकामी आहे... म्हणून विचारलं. की अण्णांनी जुनं काम सोडावं का.”

“मग? काय म्हणाले बाबा?”

“काही म्हणाले नाहीत.”

“म्हणजे?”

“नुसतं बोट केलं. तिकडं बघ, अशी खूण केली. मी बघितलं.”

“काय बघितलंस?”

“तुम्ही भाकऱ्या करत होता.”

...

आदगोंडानं आपल्या हातांकडं बघितलं. पीठ वाळून कोपरापर्यंत चढलं होतं. ओसरीकडं बघितलं, थंड होत आलेल्या तव्याकडं बघितलं. मग गैबीकडं, जो आदगोंडाच्याच जागेवर मांडी घालून बसला होता.

पहिल्यांदा आदगोंडाची मिशी हलली. मग खांदे. मग तो हसायलाच लागला, असा की खाली उतरत असलेली माणसं वळून बघायला लागली. हसता हसता त्याला चटईवर बसावं लागलं.

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी त्यानं दोन बोटांनी तो ओढून काढला. स्क्रीनवर पिठाचा ठसा उमटला.

“बोल, पद्मा.”

पलीकडनं पद्मजा काय बोलली, ते ऐकू आलं नाही. पण बराच वेळ बोलली. सकाळपासूनचं साठलेलं असणार.

“अगं हो... हो... भाकऱ्या करत होतो. नाही, थट्टा नाही करत. ऐक. साहेबांना बसवून ठेव, मी निघालोच. त्यांना म्हणावं, पंपाचे पॅटर्न पेट्यांत भरतोय. शिकवायला कुणाला पाठवायचं, ते मी ठरवतो... मीच जाईन कदाचित. आणि कॉम्प्रेसर...” तो थांबला. “कॉम्प्रेसरचं तू बोल. तुला जास्त कळतंय त्यातलं.”

त्यानं फोन कानाशी आणखी दाबला.

“पद्मा? ऐकतेयस न्हवं?”

ऐकत होती. फोन ठेवताना आदगोंडाच्या तोंडावर जे होतं, ते भाकऱ्यांच्या कौतुकापेक्षा वेगळं होतं.

तो उठला. बूट घातले. बाबांच्या पायांना हात लावला, त्या पायांना पीठ लागलं, ते घाईघाईनं पुसलं, तर आणखी पसरलं. ओसरीपर्यंत गेला आणि तिथनं परत फिरला. एवढं सगळं झालं, तरी आत कुठंतरी एक काटा सलत होताच.

“बाबा, एक सांगा. खरं खरं सांगा.”

“विचार की.”

“माझा प्रश्न ह्या गैबीनं माझ्यापेक्षा चांगला विचारला?”

बाबांनी गैबीकडं बघितलं. गैबीनं मान खाली घातली. बाबांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली.

“छे रे... त्याला कुठला जमतोय. तू लाख चांगला विचारला असतास.”

आणि जरा थांबून म्हणाले,

“पण तो रिकामा होता.”